कंपाउंडरच्या दारात टोपली उतरवायची नाही

आमच्या कोळीवाड्यातून मॅट्रिकला बसणारा पहिला मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय सोळा. बाजारातल्या दवाखान्यातला कंपाउंडर त्याला म्हणाला, "अभ्यासात झोप येते ना? ही गोळी घे, टक्क जागा राहशील." राहिला की! चार-चार दिवस डोळ्याला डोळा नाही. जेवण सुटलं. दात करकरा खायचा, एकटाच बडबडायचा. गोळी मिळाली नाही की माझ्यावर हात उगारायचा. आम्हाला वाटलं, अभ्यासाचा ताण. कसले आम्ही मूर्ख! अलिबागला परीक्षेच्या पेपरात त्याने अख्खी वही एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहून भरली.

मग त्याच्या सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची पुडी सापडली. आई मासळीची टोपली डोक्यावर घेऊन तडक दवाखान्यात गेली, मी मागोमाग. भर बाजाराची वेळ. कंपाउंडरचा मुलगा भावाच्याच वर्गातला, तो तिथेच उभा होता. आईने एक गोळी त्याच्यापुढे धरली.

"घे रं बाला, तुज्या बापाचंच औशद हाय."

कंपाउंडरने फटका मारून गोळी उडवली. "पोर आहे माझं!" तो ओरडला.

"आन् माजा काय सुका बोंबील व्हता रं मेल्या?"

त्याच दिवशी वाड्यातल्या बायकांनी ठरवलं, त्याच्या दारात टोपली उतरवायची नाही. माशाशिवाय त्या माणसाला घास उतरत नसे. त्याने बायकोला पाठवलं, शेजाऱ्याला पाठवलं. आम्ही शेजाऱ्यालाही विचारायचो, "कुणासाठी?" पलीकडच्या गावच्या कोळणींनाही आईने शपथ घातली. खा म्हणावं डाळभात! मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणखी एक ठरलं. वाड्यातल्या कुठल्याही पोराच्या खिशात कुठल्याही बाईने हात घालायचा. पुन्हा कुणाकडे पुडी सापडली नाही.

पुढे आई गेली, टोपली माझ्या डोक्यावर आली. गोळ्या सुटल्या तरी भावाचं डोकं ठिकाणावर आलं नाही; त्याला होडीवर कुणी घेईना, म्हणून तो बाजारात माझ्याशेजारी बसून मासळी निवडायचा. एक दिवस कंपाउंडर पिशवी घेऊन समोर उभा राहिला. पार वाळलेला.

"बाई, आता तरी घाल."

मी तोंड फिरवलं. भावाने मात्र हसत दोन बोंबील उचलून त्याच्या पिशवीत टाकले. त्याला माणूस ओळखूच आला नव्हता.

मी उठले, पिशवीत हात घातला आणि दोन्ही बोंबील परत काढून घेतले.