दळणाची रांग

सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन मी साताऱ्याकडून तुर्भ्याला आले. नव्वदनंतरची ती वर्षं. आमचे हे मार्केटात हमाल. मी बायका-मुलांच्या मदत केंद्रात झाडलोट करायचे, चहा ठेवायचे.

केंद्राला मोठा बोर्ड, आणि समोरच पानाची टपरी. कोणी फिरकेना. केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "बायका का येत नाहीत ते त्यांनाच विचारू." वस्तीत ओळखी माझ्या, म्हणून मला बरोबर न्यायच्या. एवढ्या शिकलेल्या बाईनं मला शेजारी बसवावं, याचंच मला अप्रूप.

पहिलं घर माझ्या शेजारणीचं. पत्र्यापलीकडची मारझोड मला ऐकू यायची. तिचं पोरगं बालवाडीत तोंडच उघडत नव्हतं. पण सासू तिथंच तांदूळ निवडत बसलेली. शेजारीण म्हणाली, "आमच्यात तसलं काय नाय, ताई. च्या घेता?"

बाहेर पडल्यावर ताईंनी प्रश्नच बदलला. मारतो का, हे विचारायचं नाही. दिवसात एकटी कुठं जातेस, एवढंच. बहुतेक घरांत उत्तर एकच: गिरणीत. रांगेत डबा ठेवला की नंबर डब्याचा, बाई कुठं का बसेना. उशीर झाला तरी सासू म्हणते, गर्दी असेल. आणि केंद्रात का येत नाही? "टपरीवर विचारतात ना, काय वहिनी, कोर्टात चालला का!"

ताईंनी गिरणीमागची खोली घेतली. बोर्ड लावला नाही. बायका यायला लागल्या. शेजारीण तेवढी येईना. मला धाकधूक, तिच्या नवऱ्याला कळलं तर भांडणं काढून आम्हालाच राहती खोली सोडायला लावेल, आणि गाव लांब. तरी एकदा नळावर हळूच म्हटलं, "दळण घेऊन ये. बाकी काय नाय."

ती आली, पोरगं कडेवर. पोराला खाली सोडून दाराशीच टेकली. मग पोरानं ताईंच्या पुढ्यातला चेंडू उचलला, आणि ती बोलायला लागली.

तेवढ्यात गिरणीवाले मामा ओरडले, "निळ्या झाकणाचा डबा कुनाचा? चला, नंबर आला!"

ती दचकून उठली. मी तिला खाली बसवलं, बाहेर गेले आणि तिचा डबा उचलून रांगेच्या शेवटी ठेवला.

"अगं, येडी का काय तू?"

"असू द्या मामा. आज गर्दी आहे."

मामांनी मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं आणि पुढचा डबा घेतला.

तिचं दळण सगळ्यांत शेवटी झालं. मी गरम डबा उचलून देताना ती म्हणाली, "वहिनी, ज्वारी मुद्दाम घरी ठेवलीय. उद्या आणते."