खांबाच्या पायथ्याची खळगी

हे अजून कोणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्याही नाही, आणि त्याला तर मी भाजीत मीठ विसरले तरी आधीच सांगून टाकते. तुम्हाला सांगते.

नायमेखनजवळच्या आमच्या गावात टेकडीवर एक जुनं चर्च आहे. टेकडीला इथले लोक डोंगर म्हणतात — म्हणोत बापडे, मी तो सायकलवरून न उतरता चढते. पण चर्च! दोन हात जाड दगडी भिंती, एवढ्याएवढ्या खिडक्या आणि बुटक्या खांबांनी पेललेल्या अर्धगोल कमानी. रोमनेस्क म्हणतात या शैलीला. टोकदार कमानींची उंच चर्चं नंतरची.

नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ इथे आले तेव्हा मला ना भाषा येत होती, ना हाताला काम होतं. हर्मिनाबाई तिथे पाहुण्यांना चर्च दाखवायच्या. त्यांनी मला हाताला धरून एकेक दगड दाखवला. डच मी तिथेच शिकले. जे माहीत नाही त्याला त्या खुशाल "माहीत नाही" म्हणायच्या. दाराजवळच्या खांबाच्या पायथ्याशी वाटीएवढी खळगी आहे. ती कशाची, हे मी विचारलं होतं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या, "आणि माहीत असल्याचा आव आणायचा नाही हं!"

त्या वारल्यावर चर्च दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच रविवारी एका बाळंतिणीनं नेमकं त्या खळगीवर बोट ठेवलं. मला काय सुचावं? आपण बाळाला पहिल्यांदा देवाच्या पायावर घालतो ना — तेच आलं डोळ्यांपुढे. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, पूर्वी गावातल्या आया बाळाचे पाय इथे टेकवायच्या. ती केवढी खूश झाली! लगेच आपल्या बाळाचे पाय टेकवलेसुद्धा.

इथवर नुसती थाप होती. पण कोणीतरी विचारलं, हे कुठून कळलं? आणि मी — कसं सांगू — मी म्हणाले, "हर्मिनाबाईंनी सांगितलं."

ज्या बाईनं जन्मात आव आणला नाही, तिच्या तोंडी मी माझं खोटं घातलं. घाबरून? छे. तिचं नाव घेतलं की गावात पुढे कोणी काही विचारत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

आता गावात बाळ झालं की आजी-आजोबांसकट सगळे तो 'डोंगर' चढतात. फोटो काय, केक काय, नुसती धमाल!

या वसंतात हर्मिनाबाईंची मुलगी मारिका आपल्या नातीला घेऊन आली. नातीचं नावही हर्मिनाच. "आईनं हे आम्हाला कधी सांगितलं नाही," मारिका म्हणाली, "तुला सांगितलं. तुझ्यावर जीवच होता तिचा." ती रडत होती आणि हसतही होती. मग तिनं बाळ माझ्याच हातात दिलं.

तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी खाली बसले, ते मऊ पाय गार दगडाला लावले, आणि पोरगी अशी काही किंचाळली, की सगळं चर्च हसायला लागलं. मीही हसले, अगदी मनापासून. या देशात इतक्या खुशीत मी क्वचितच होते.

"अजून एकदा," मारिका म्हणाली.

मी पुन्हा टेकवले.