जोना होलरॉइडची टोपी

एनॉक टॉर्डॉफने उभ्या आयुष्यात गोष्टींची पन्नासेक हलती चित्रं, म्हणजे मूकपट, काढली आणि त्यांतल्या चाळीसांत हवालदार मी होतो. आमच्या यॉर्कशरच्या गावात पोट सुटलेला आणि दुपारी रिकामा असा माणूस एकच, मी, अ‍ॅमॉस खाटीक. चोराचं काम एनॉकची बायको करायची. ती माझ्याहून जोरात पळायची, त्यामुळे कायद्याच्या हाती कधी लागली नाही.

पण गावाचा जीव होता तो कापडगिरणीच्या फाटकाच्या चित्रावर. सुटीचा भोंगा झाला की एनॉक फाटकासमोर कॅमेऱ्याची पेटी रोवून हँडल फिरवायचा, आणि शनिवारी जत्रेच्या तंबूत गिरणीतले कामगार स्वतःलाच बघायला लोटायचे. त्याची तक्रार एकच.

"पेटीकडे बघू नका रे! चालत राहा!"

कुणी थबकलंच, तर फिल्मचा तेवढा तुकडा तो कापून काढायचा.

एकदा जोना होलरॉइड विणकर थबकला. नुसता थबकला नाही, पेटीसमोर अदबीने टोपी काढून उभा राहिला.

"अरे जोना, मी काय पाद्री आहे? टोपी घाल आणि चालू लाग!"

पुढच्या वसंतात जोना छातीच्या दुखण्याने गेला. घरात त्याचा एक फोटोही नव्हता. त्याची बायको मर्सी एनॉकच्या दारात आली.

"मिस्टर टॉर्डॉफ, फाटकाच्या चित्रात आमचे हे असतील ना? एकदाच दाखवा."

"शोधतो," एनॉक कसंबसं म्हणाला.

ती गेल्यावर मी म्हटलं, "खाटीक मी, पण जोनाला कापलंस तू."

तो हसला नाही. मात्र त्याला काहीच टाकवत नसे. बिस्किटांचे डबे भरभरून कापलेले तुकडे घरात होते, आणि त्यांवरून बायकोची रोजची कटकट होती. तीच बाई दोन दिवस खिडकीशी बसून एकेक तुकडा उजेडात धरत होती. जोना तिलाच सापडला. दहा सेकंदांचा.

एनॉकच्या शेडमध्ये पडदे ओढले आणि भिंतीवरच्या चादरीवर चित्र पाडलं. जोना आला, त्याने टोपी काढली, बघितलं, संपलं.

"अहो, थांबवा ना त्यांना!" मर्सी उठलीच.

"हँडल थांबवलं तर दिव्याने फिल्म जळेल हो," एनॉक म्हणाला.

मग एनॉकने तुकड्याची दोन्ही टोकं चिकटवून माळ केली. ती माळ झाडूच्या दांड्यावर तोलत मी उभा राहिलो. एनॉक हँडल फिरवत राहिला. जोना येई, टोपी काढी. पुन्हा येई, पुन्हा काढी. एनॉकने हात बदलला, पण थांबला नाही.

बऱ्याच वेळाने मर्सीने डोळे पुसले. "पुरे आता. डोकं उघडं आहे त्यांचं, गारठतील. देव तुमचं भलं करो."

त्यानंतर फाटकासमोर एनॉक ओरडायचा तेवढाच, पण उलटं.

"इकडे बघा रे! सावकाश! टोप्या काढा!"