पाण्यावर जायचे कपडे

आमच्या ह्यांना शिडाच्या होडीचं वेड आहे, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. गंगापूरकडच्या शेतकऱ्याचं पोरगं, नौदलात लागलेलं, एवढंच माझ्या वडलांनी बघितलं आणि हरखून गेले. पुढं ह्यांनी ती नोकरी सोडली, वाळूजला एका कारखान्यात लागले, आम्ही बजाजनगरात राहायला आलो, आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची त्या समुद्रापासून. कसलं काय! नौदलातल्या एका दोस्ताकडून ह्यांनी एक जुनी होडी पैदा केली. एका माणसापुरती, एकाच शिडाची. हे तिला डिंगी म्हणायचे. टेम्पोत घालून ती आणली आणि माझ्या दिराच्या शेतात कडब्याच्या शेडमध्ये ठेवली, कारण त्या शेताच्या बांधापर्यंत धरणाचा फुगवटा येतो. झालं, दर रविवारी मोटारसायकलवर आम्ही दोघं तिकडं. मी कशाला जायचे? घरी बसून जीव टांगणीला लावायचा त्यापेक्षा काठावर बसून लावलेला बरा, म्हणून. मला स्वतःला पोहता येत नाही.

अशा होडीत माणूस कोरडा राहतच नाही. पाणी उडतं, वारा फिरला की होडी आडवी होते, कधी सपशेल उलटते, मग तिच्या पोटाखालच्या फळीवर उभं राहून तिला सरळ करायचं. पहिल्या थंडीत मी मोठ्या प्रेमानं हातानं विणलेला स्वेटर दिला, तर हे हसायलाच लागले. "अगं, हे भिजलं की मला घेऊनच बुडंल. आणि सुती बनियन तर नकोच, ते पाणी धरून बसतं." त्यासाठी वेटसूट असतो म्हणे. रबरासारखा, अंगाला चिकटून बसणारा. आत जरासं पाणी शिरतं आणि अंगाच्याच उबेनं ते गरम होतं. सूट सैल असला तर पाणी आत-बाहेर करत राहतं आणि घातला काय, न घातला काय, सारखंच. म्हणून घट्टच पाहिजे. तो चढवायचा म्हणजे अर्ध्या तासाचा तमाशा. साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी आधी पायात घालायची, म्हणजे पाय सरकतो. मग हात. मग हे पोट आत ओढून श्वास रोखणार आणि मी पाठीवरची झिप ओढणार. दीर लांबून ओरडायचा, "वहिनी, दादाला पोत्यात भरताय व्हय?"

ह्यांचा एकच नियम. कपडे हवा बघून घालायचे नाहीत, पाणी बघून घालायचे. आपल्याकडं थंडीत दुपारचं ऊन असं पडतं की माणसानं सदरा काढून बसावं, पण पाणी रात्रभर गारठलेलं असतं. तेव्हा जाड सूट, पायात तसलेच बूट आणि वरून वारा अडवणारं जाकीट. उन्हाळ्यात तोच सूट घातला तर गडी काठावरच चक्कर येऊन पडायचा. तेव्हा लांब बाह्यांचं पातळ, नायलॉनचं बनियन आणि टोपी. पावसाळा सगळ्यांत फसवा. पाणी कोमट लागतं, पण वारा सुटला की ओल्या अंगाला झोंबतो, म्हणून अर्ध्या बाह्यांचा पातळ सूट आणि वर जाकीट. इतकी वर्षं ऐकून ऐकून मला हे पाठ झालं होतं, पण ठरवायचे हेच. मी आपली झिप ओढायची आणि डबा उघडायचा.

ह्यांना शुगर होती. कुणाला नसते, असं म्हणत आम्ही ती गोळ्यांवर ढकलत होतो. एका थंडीत हे पाण्यावरून आले, मी नेहमीसारखा बूट ओढून काढला आणि आतून लाल पाणी आलं. वेड्या बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आरपार घुसून टाचेत मोडला होता. काठावर त्या बाभळींचं रान माजलंय. म्हणजे होडी पाण्यात ढकलतानाच तो लागला असणार. सकाळभर हा माणूस त्या पायावर जोर देऊन शीड सांभाळत होता. मी म्हटलं, "अहो, दुखलं नाही?" तर माझ्याकडंच बघायला लागले. "काय दुखलं?"

दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून पावलांना, बोटांना दोरा लावून बघितला. ह्यांना एकदाही कळलं नाही. पायाच्या नसा गेल्यात, डॉक्टर म्हणाले, आणि हाताची बोटंही बधिर होत चाललीत. मग सांगितलं की पायाला घट्ट काही नको, पाय ओला ठेवायचा नाही, अनवाणी चालायचं नाही, एक फोड पुरेसा आहे. मी मनात म्हटलं, घ्या. सूट घट्ट असल्याशिवाय चालत नाही, बूट ओला झाल्याशिवाय राहत नाही. आता ह्यातून कपडे काय निवडायचे?

घरी येऊन मी भांडले. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं भांडले. "विकून टाका ती होडी! नाहीतर चुलीत घाला!" हे खाटेवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पायाला कळत नाय, हाताला कळत नाय. पण वारा गालाला अजून कळतो. पाण्यावर मी आजारी नसतो गं."  घरात डांबला तर माणूस आतून मरायचा आणि पाण्यावर सोडला तर पाय जायचा. माझ्यानं ठरवेना. मग आमचा एक करार झाला, की कपडे मी ठरवणार. पाण्यात हात मी घालणार, बूट आधी आतून मी चाचपणार, सुटाची घडी पायाला कुठं रुततेय का तेही मीच बघणार. ज्या माणसानं आयुष्यात मला विचारून साधा सदरा घातला नाही, तो काठावर उभा राहून विचारायला लागला, "पाणी कसं हाय?" आणि मी म्हणेन ते निमूट घालायचा.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मला हळदीकुंकवाला जायचं होतं. एक दिवस नका जाऊ म्हटलं, तर "दोन चकरा मारून येतो" म्हणत एकटेच गेले. दुपारी दिराचा फोन. "वहिनी, दादा पिऊन आलाय काय की. बोबडं बोलतोय, तोल जातोय त्याचा." आमचे हे थेंबाला शिवत नाहीत; अंग गारठलं की माणूस असा बोबडं बोलतो, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. मी हातातली वाणाची वाटी तिथंच ठेवली आणि फोनवर किंचाळले, "भाऊजी, सूट काढा आधी! अंग पुसा, गोधडीत गुंडाळा आणि गोड चहा पाजा!" दीर म्हणाला, झिप अडकलीय. मी म्हटलं, कापा! मिळेल त्यानं कापा!

मिळाली त्या जीपमध्ये माणसांत चेंगरून बसून निघाले. पोचले तेव्हा हे चुलीपाशी गोधडीत कुडकुडत होते, दातांवर दात आपटत होते. थंडी तरी वाजतेय, म्हणजे अंगात जीव येतोय, म्हणून मला बरं वाटलं आणि मी चुलीत आणखी दोन लाकडं सारली. झालं होतं असं, की ऊन छान होतं, ह्यांनी पाण्यात बोटं घातली, बोटांना काहीच लागलं नाही, म्हणून पाणी गार नाही असं धरलं आणि पातळ सूट घालून गेले. त्यात होडी उलटली. तीही लवकर सरळ झाली नाही. जन्मभर दुसऱ्यांना पाणी बघायला सांगणारा माणूस! मी रागावलेसुद्धा नाही, इतकी घाबरले होते. कापलेला सूट मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडं नेला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "भाभी, ये कौन से ट्रक की ट्यूब है?" पण सोल्युशन लावून चिकटवून दिला बिचाऱ्यांनी. मी घरी येऊन तो सावलीत वाळत घातला आणि मग मोरीत जाऊन रडले.

पावसाळ्यात मी इतकं जपूनही व्हायचं ते झालंच. बुटात वाळूचे चार खडे राहिले असतील नसतील, पायाच्या करंगळीला घासलं, फोड आला, चिघळला. ड्रेसिंग, इंजेक्शनं, दवाखान्याच्या चकरा, आणि दिवाळीच्या तोंडावर करंगळी काढली. हे हसत म्हणाले, "सगळ्यांत धाकटं होतं, गेलं." मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जखम भरेल, पण पुन्हा असं झालं तर बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. ह्यांना मी ते जसंच्या तसं सांगितलं. "बरं," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. त्या थंडीत आम्ही तिकडं गेलोच नाही. हे रविवारी गॅलरीत बसायचे, झाडांची पानं कुठल्या बाजूला हलतात ते बघत, आणि जेवायला चार हाका माराव्या लागायच्या.

होळी झाल्यावर जखम पुरती भरली. एका सकाळी हे काही न बोलता तयार होऊन बसले. मला नाही म्हणवलं नाही. शेतात गेलो, दिरानं होडी काठावर आणून दिली आणि तो कामाला गेला. ह्यांनी जाड सूट, पातळ सूट, बनियन सगळं ओळीनं दगडावर मांडलं आणि माझ्याकडं बघितलं. "बघ गं. काय घालू?"

मी वाकून पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं. अगदी हवं तसं. वारासुद्धा एका लयीत येत होता, पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या. अख्ख्या वर्षात असा दिवस दोनदा येत नाही, हे आता मलासुद्धा कळतं. माझी नजर ह्यांच्या पायातल्या नव्या चपलेवर गेली, जिच्यात करंगळीची जागा रिकामी राहते. मी उठले आणि म्हटलं, "लई गार आहे हो. आज नको."

 हे हळूच खाली बसले, सदऱ्याची बाही वर सारली आणि हात पाण्यात घातला. बोटं नाही नुसती, कोपराच्याही वर, पार दंडापर्यंत. बधिरपणा मनगटापर्यंतच होता, तिथून वरच्या हाताला गार-गरम सगळं कळत होतं. बराच वेळ त्यांनी तो पाण्यात ठेवला.  

"व्हय," ते म्हणाले, "लई गार हाय." आणि हात पुसून सुटांच्या घड्या घालायला लागले. मी मदतीला वाकले, तर म्हणाले, राहू दे.

त्यानंतर पाणी कसं आहे, असं त्यांनी मला कधीच विचारलं नाही.