सूर्याजीकाकांची दोन बोटं

सूर्याजीकाकांबद्दल सांगायचं तर आधी त्यांच्या फोनबद्दल सांगायला हवं. आमची कंपनी देशभरच्या दुकानांना औषधं पोचवते. दोनशे बारा डेपो आहेत, आणि त्या सगळ्यांचं सॉफ्टवेअर आम्ही ग्वाल्हेरात बसून बनवतो. डेपोंना नवं काही द्यायचं ठरलं, की काका आठवडाभर आधीपासून भिंड, डबरा, श्योपूर असे एकेक फोन लावत. "क्या भैया, आजकल क्या अटक रहा है?" समोरचा आपलं रडगाणं गायचा आणि काका ते निळ्या वहीत उतरवून घ्यायचे. आम्ही तरुण मंडळी हसायचो. मी तर त्यांची नक्कलही करून दाखवत असे.

खरं तर मला हसायचा काही अधिकार नव्हता. शिंदे की छावनीत त्यांचं घर आमच्यापासून चौथं. माझा नोकरीचा अर्ज त्यांनीच वर पोचवला होता. ऑफिसात सगळे त्यांना 'सूर्याजी सर' म्हणत, मी 'काका'. तीनशे माणसांच्या त्या इमारतीत मराठी कळणारे आम्ही दोघंच, असा माझा समज होता. कुणाची चुगली करायची असली, साहेबांच्या नव्या शर्टाला नावं ठेवायची असली, की आम्ही मराठीत शिरायचो. भर हॉलमध्ये बोलावं आणि कुणाला काही कळू नये, याची मजा काही औरच होती.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला, आता सगळं काम 'अजाइल' पद्धतीनं. सहा महिन्यांतून एकदा भलं मोठं गाठोडं द्यायचं नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं द्यायचं, वापरणारे काय म्हणतात ते बघायचं आणि मग पुढचं. मला तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, नियोजनाच्या बैठका चालवायचं काम मिळालं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. वाटलं, काका आता खोडा घालणार. पण ते उलट खुश झाले. "बेटा, मी तीस वर्षं हेच तर बोलून राहिलो. आधी तीन डेपोंना दे. पचलं तर बाकीच्यांना."

पण मोठ्या कंपन्या नाव नवं घेतात, सवय जुनीच ठेवतात. आमचे साहेब मोहित यांनी मुख्य कार्यालयाला शब्द देऊन टाकला होता, की दिवाळीआधी दोनशे बारा डेपोंना एकदम नवं सॉफ्टवेअर मिळेल. आता फक्त नियोजनाची बैठक उरली होती.

त्या बैठकीच्या शेवटी एक रीत असते. योजनेवर किती भरवसा आहे, ते प्रत्येकानं हात वर करून बोटांनी दाखवायचं. पाच म्हणजे पक्का भरवसा. दोन किंवा कमी दाखवली, तर त्या माणसाला थांबून विचारायचं, काळजी कसली आहे? आणि गरज पडली तर योजना बदलायची. सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे, असं प्रशिक्षणात मला ठासून ठासून सांगितलं होतं.

नव्वद हात वर झाले. पडद्यावर मुख्य कार्यालयाचे लोक बघत होते. सगळीकडे चार, पाच, चार. आणि तिसऱ्या रांगेत काकांची दोन बोटं.

मला विचारायचं होतं, ते मी विचारलं नाही. मी हसत हसत त्यांच्याजवळ गेले आणि मराठीत म्हटलं, "काका, माझ्यासाठी. माझी पहिलीच बैठक आहे. सगळे बघताहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आणखी दोन बोटं उघडली. फोटो काढला गेला, टाळ्या झाल्या.

दिवाळीआधी सगळ्या डेपोंना नवं सॉफ्टवेअर एकदम गेलं, आणि त्यात थंड ठेवायच्या औषधांचं तापमान भरल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकत नव्हती. लहान डेपोंमध्ये ते तापमान फ्रिजला चिकटवलेल्या कागदावर लिहितात, कॉम्प्युटरवर कुणीच भरत नाही. इन्सुलिन दोन दिवस डेपोंच्या फ्रिजमध्येच पडून राहिलं आणि दुकानदार फोनवर शिव्या घालत राहिले. हे सगळं काकांच्या निळ्या वहीत लिहिलेलं होतं, श्योपूरच्या पानावर.

चौकशीच्या बैठकीत मोहित यांनी तो फोटो लावला. "सूर्याजी सर, आपने तो चार दिखाया था। आपको तो पता होना चाहिए था।"

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "हाँ, दिखाया था।"

बैठकीची नोंद मी लिहीत होते. मी लिहिलं, 'सूर्याजी : चार.' माझा हात जराही अडखळला नाही. आज त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यांच्याकडून डेपोंचं काम काढून घेतलं, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. निवृत्तीला सात महिने असताना त्यांनी राजीनामा दिला. मला बढती मिळाली. मी माफी मागायला घरी गेले, तर लीलाकाकूंनी आधी हातावर साखर ठेवली. "तुझं ऐकून हे किती खुश झाले!" काकू आत गेल्यावर मी रडले. काका हळूच म्हणाले, "सोड ना आता. कोणाला बोलू नको. तुझं कशाला बिघडवायचं?" आणि मला हायसं वाटलं! घरी येईपर्यंत ते हायसं वाटणं काही गेलं नाही. मग मात्र जेवण गेलं नाही.

मागच्या आठवड्यात पुढची बैठक झाली. तोच हॉल, तेच हात. तिसऱ्या रांगेत सोनिका बसली होती; दोन वर्षं आमच्याकडे आहे, मी तिच्याशी कायम हिंदीतच बोलत आले. तिची दोन बोटं वर होती. मी तिच्या दिशेनं निघाले. या वेळी मी विचारणारच होते, देवाशपथ. पण मी पोचायच्या आधीच तिनं आणखी दोन बोटं उघडली आणि अगदी हळू आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणाली, "असू द्या ताई. तुमच्यासाठी."

मागच्या बैठकीला ती काकांच्या शेजारच्या खुर्चीवर होती.

मी तिचा हात धरून खाली केला. "तुझं जे असेल ते सांग, मी ऐकते. पण आधी मला बोलू दे." मग मी माईक घेतला आणि बोलून गेले, "मागच्या वेळी सूर्याजीकाकांनी दोन बोटं दाखवली होती. चार मी करायला लावली."

हॉल तसाच बसून होता. मोहित हसून म्हणाले, "क्या कहा?" तेव्हा मला कळलं, की मी मराठीत बोलले होते. सोनिकाशिवाय कुणालाच काही समजलं नव्हतं. अजूनही गप्प बसता आलं असतं.

मी तेच पुन्हा हिंदीत सांगितलं.