पोटाशी बांधलेली ज्वारी

त्या दुष्काळात रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची भाकर थापायला घेतली की परातीतच फुटायची. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तोंडात दात नाहीत, त्यांच्या घशाखाली ती उतरेना. दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. "आपल्या वावरातली पांढरी भाकर दे वं, दुधात कुस्करून," एवढंच मागणं.

मी मात्र गृहविज्ञान शिकलेली विदुषी! शहरात आमच्या धरमपेठेतल्या बायका जमवून मिलोच्या पौष्टिकतेवर व्याख्यानं झोडत होते. देशाच्या उद्याच्या अन्नाची काळजी जणू माझ्याच पदराला बांधलेली. घरातली म्हातारी उपाशी आहे, हे या विदुषीला जरा उशिराच दिसलं.

शेवटी सावनेरला, आमचं वावर कसणाऱ्या दिरांकडे गेले. शहरात धान्य न्यायला बंदी, नाक्यावर पिशव्या तपासायचे. म्हणून जुन्या लुगड्याच्या फडक्यात ज्वारी बांधून ती पोटाला आवळली आणि वरून पदर घेतला.

निघताना दीर म्हणाले, "वहिनी, हे हायब्रीड हाय बरं. जुनी ज्वारी आता कोणी पेरत नाही. हिचे पोते जास्त होते न."

"पांढरी आहे ना? मग झालं," मी ठसक्यात म्हणाले.

नाक्यावर शिपाई एसटीत चढला. "कितवा महिना हाय बाई?"

"सातवा." काय लाजले मी! नाटकात बक्षीसच मिळालं असतं. तेवढ्यात गाठ सैल झाली नि चार दाणे पायाशी टपकले. शेजारच्या म्हातारीनं त्यांच्यावर चप्पल ठेवली. शिपाई उतरल्यावर माझ्या कानात म्हणाली, "पोरी, तुहं लेकरू आतापासूनच दाणे टाकून राहिलं वं!" घर येईपर्यंत मी हसत होते.

ज्वारी दळून आणली, भाकर केली. पांढरीशुभ्र. दुधात कुस्करून पहिला घास भरवला. सासूबाईंनी तो बराच वेळ तोंडात घोळवला.

"कोणाच्या वावरातली वं?"

"आपल्याच."

"काहून लबाड बोलून राहिली मह्याशी? आपल्या ज्वारीले गोडी असते." घास वाटीत थुंकला नि भिंतीकडे तोंड केलं.

मी शपथा घेतल्या. दिरांना बोलावून त्यांच्या तोंडून वदवलं. हायब्रीड म्हणजे काय ते समजावलं, तर म्हणाल्या, "तुमी दोघं बी मिळाले." त्याच महिन्यात त्या गेल्या. सुनेनं आणि लेकानं मिळून आपल्याला परक्याचं धान्य खाऊ घातलं, असंच समजून.