दर रविवारी पट्टीभर तेल

बाबांनी आईच्या जाण्यानंतर घरातल्या दोनच गोष्टींची काळजी घेतली, एक स्वतःची दाढी आणि दुसरी गाडी. गाडी वीस वर्षांची. आमच्या घराण्यात पहिली चारचाकी तीच, म्हणून तिला म्हातारी म्हणायची कुणाची टाप नव्हती. सकाळी सुरू केली की मागून निळसर धूर यायचा आणि धायरीतल्या आमच्या सोसायटीचं अख्खं पार्किंग खोकायचं. महिन्याला लिटरभर इंजिन ऑइल ती प्यायची.

"इंजिन उघडायची वेळ आली की गाडी विकणार, आणि नंतर स्टिअरिंगला हात लावणार नाही," हे बाबांनी जाहीर करून ठेवलेलं. शहात्तराव्या वर्षी तसं झालं असतं तर मला सुटल्यासारखंच वाटायला हवं होतं. पण आई गेल्यावर हा माणूस घराबाहेर पडायचा तो फक्त गाडीसाठी. गाडी गेली की तो खुर्चीत बसेल आणि उठणारच नाही, या भीतीने मला ग्रासलं होतं.

जवळच्या गॅरेजवाल्याने इंजिन आतून साफ करणारं तेल सुचवलं. त्याने आशा लावली, पण खोटी नाही. "काका, पिस्टनच्या रिंगा कार्बननं जाम झाल्या असतील तर हे तेल हळूहळू सोडवंल, मग गाडी तेल कमी खाईल. पण रिंगा झिजल्याच असतील तर देव आला तरी काय उपेग न्हाई. उघडल्याशिवाय कोण सांगणार? दोन-तीन वेळा तेल बदला आणि गाडी जरा पळवा. नुसतं सिंहगड रोडच्या गर्दीत रखडत राहिलात तर उलट अजून काजळी धरते."

म्हणून दर रविवारी लोणी काळभोर. जायचं, टपरीवर चहा घ्यायचा, यायचं.

निघण्याआधी एक विधी असायचा. थंड इंजिनातली डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी ती पट्टी, बाबा बाहेर काढायचे, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायचे, परत घालून काढायचे आणि उन्हात धरून बघायचे. पहिल्या दोन रविवारी पातळी बोटभर उतरलेली होती. त्यांनी पट्टी जागेवर सारली आणि लोणीहून परतल्यावर सबंध दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या शनिवारी ते दुपारी झोपलेले असताना मी खाली गेले. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून गुपचूप आणलेल्या डब्यातलं तेच तेल थोडं ओतलं, वरच्या खुणेच्या किंचित खाली येईल इतकंच. रविवारी बाबांनी पट्टी पाहिली आणि पोराला पेढा मिळावा तसे हसले. "तेल काम करतंय!" म्हणाले. मीही "हो ना" म्हणाले. असं बोलायला काय जातं?

जातं. चार महिने, दर शनिवारी जात राहिलं.

आता बाबांना गाडी धडधाकट वाटत होती, तेव्हा चालवणं सोडायचं कारणच नव्हतं. आणि मी शेजारी. डाव्या बाजूची काच खाली होत नाही, पट्टा मानेला काचतो, आणि हडपसरला समोर बस असली की माझा उजवा पाय पायपुसणीवर दाबलेला. तिथे ब्रेक नाही हे मला ठाऊक आहे, पायाला ठाऊक नाही. एकदा त्यांनी लाल सिग्नल सरळ ओलांडला. एकदा फुगेवाल्याच्या गाड्याला आरसा घासला. मी ऑफिसची गाडी सबंध जिल्ह्यात चालवते, पण "बाबा, मी घेऊ का?" असं विचारायची माझी छाती होत नव्हती, कारण गाडी ठीक आहे हे मीच सिद्ध करून ठेवलं होतं. ते साफ करणारं तेल खरंच काम करत होतं की नाही, तेही आता कळायला मार्ग नव्हता. परीक्षेचा पेपर मीच लिहीत होते.

शेवटी एका रविवारी टपरीवर मी सांगून टाकलं. डबा, शनिवार, सगळं. सांगताना रडूही आलं आणि रागही आला, स्वतःचा जास्त.

बाबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"कसं?"

"हे तेल काजळी सोडवतं ना? मग ते काळं पडत जायला हवं. तुझं दर रविवारी ताजं तेल पडून उजळत होतं. सरकारी नोकरी केली असली तरी डोकं चालतं माझं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढा खटाटोप करतेस म्हटल्यावर वाटलं, गाडी मी चालवत राहावी अशी तुझीच इच्छा आहे." मग रिकाम्या ग्लासाकडे बघत ते म्हणाले, "मला तीन महिन्यांपासून पुढची बस किती लांब आहे ते नीट कळत नाही. सांगायची लाज वाटली."

मला ओरडायचं होतं. चार महिने आम्ही दोघं एकमेकांच्या आनंदासाठी एखाद्या बसखाली जायला निघत होतो! पण तेवढ्यात टपरीवाल्याने दुसरा चहा हवा का विचारलं, आणि दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

परतताना बाबा आपणहून डावीकडे जाऊन बसले. मी सीट पुढे ओढली, आरसा माझ्या उंचीला केला. इंजिन सुरू झालं, मागे तोच निळा धूर निघाला. तेल किती खाल्लं जातंय ते पुढच्या रविवारी खरं खरं कळणार होतं.

हडपसरला बस अचानक थांबली. मी वेळेवर ब्रेक दाबला आणि डावीकडे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांचा उजवा पाय पायपुसणीवर जीव खाऊन दाबलेला होता.